हजेरीची वही

नीटचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. सरकारी जागा हातची गेलेली असते, खासगी कॉलेजचा आकडा ऐकून घरात दोन दिवस कोणी धड जेवलेलं नसतं, आणि कोणाकडून तरी माझा नंबर मिळालेला असतो. "मॅडम, तुम्ही वेस्ट इंडीजला शिकवायला होतात ना? तिथल्या एका नव्या कॉलेजात आमच्या मुलाला मिळतंय. कॉलेज चांगलं आहे का?"

पूर्व कॅरिबियनमधल्या एका लहान बेटावर, अशाच एका नव्या कॉलेजात मी नऊ वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं. तरी "चांगलं आहे का" या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता येत नाही. आमची इमारत चांगली होती. शिक्षक मनापासून शिकवायचे. बेटावरची माणसं तर इतकी भली की बाजारातली भाजीवाली बाई मला आंबा दिल्याशिवाय सोडत नसे. आणि त्याच कॉलेजात माझ्यासमोर बसलेली कितीतरी मुलं कर्जात बुडून, हातात काहीही न घेता परत गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरी इमारतीकडे बघून कळत नाही.

मी गेले ती २००४ च्या ऑगस्टमध्ये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एकवीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं, घराचे हप्ते चालू होते. एक जुने सहकारी आधीच तिकडे होते, त्यांनी विचारलं. कॅरिबियनमधल्या या शाळांची पहिली दोन वर्षं आमच्यासारख्यांच्या जिवावर चालतात. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री शिकवायला भारतातले, पाकिस्तानातले, नायजेरियातले प्राध्यापक असतात. मी पगार विचारला, राहायची सोय विचारली, वर्षातून एकदा मायदेशी यायचं तिकीट मिळेल का ते विचारलं. कॉलेज कधी सुरू झालं, मुलं किती, पैसा कोणाचा, यातलं एकही विचारलं नाही. आज पालकांवर चिडावंसं वाटलं की मला हे आठवतं.

या शाळांची मूळ कल्पना काही फसवणुकीची नाही. अमेरिकेत वैद्यकीय जागा कमी आणि इच्छुक फार, म्हणून १९७६ मध्ये ग्रेनाडा सरकारनं एका खासगी विद्यापीठाला सनद दिली. १९७७ च्या जानेवारीत तिथे वर्ग भरले. पाठोपाठ १९७८ मध्ये डॉमिनिका आणि माँटसेराट या बेटांवर आणखी दोन शाळा निघाल्या. पद्धत ठरून गेली: पहिली दोन वर्षं बेटावर पुस्तकी शिक्षण, पुढची दोन वर्षं अमेरिकेतल्या रुग्णालयांत. वर्षाला तीन सत्रं, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मधे सुट्टी अशी नाहीच. त्यातून बाहेर पडलेले हजारो डॉक्टर आज अमेरिकेत रुग्ण तपासतायत. पण या जुन्या शाळांच्या सावलीत दर काही वर्षांनी नव्या शाळा उगवत राहिल्या. आमची त्यातलीच. मी गेले तेव्हा तिला दीड वर्ष झालं होतं.

दारातून आत आलं की डाव्या हाताच्या भिंतीवर पाच फ्रेमा होत्या. सोनेरी शिक्के, लाल फिती. मुलांना सोडायला आलेले पालक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढत. मीही पहिल्या आठवड्यात काढून घरी पाठवला होता. त्या कागदांचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली.

सनद म्हणजे त्या बेटाच्या सरकारनं शाळा चालवायला दिलेली परवानगी. सरकारला भाडं मिळतं, गावातल्या लोकांना कामं मिळतात, म्हणून ती मिळतेही लवकर. वैद्यकीय शाळांच्या जागतिक यादीत नाव आहे म्हणजे अशी शाळा आहे, एवढी नोंद झाली. नोंद म्हणजे मान्यता नव्हे, असं ती यादी ठेवणारेच सांगतात. खरी तपासणी होते ती अधिस्वीकृतीच्या वेळी. तेव्हा बाहेरची माणसं येऊन प्रयोगशाळा, शिक्षक, हिशेब आणि मुलांचे निकाल बघतात. कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या संघटनेनं त्यासाठी कॅम-एचपी नावाची स्वतःची संस्था उभी केली. आणि याच्याही वर अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याचं आपापलं वैद्यकीय मंडळ. कॅलिफोर्निया कित्येक वर्षं मान्य-अमान्य शाळांची स्वतःची यादी बाळगून होतं. न्यूयॉर्क राज्याची मंजुरी नसलेल्या शाळेच्या मुलाला तिथल्या रुग्णालयांत बारा आठवड्यांपेक्षा जास्त काम शिकता येत नाही. म्हणजे पदवी खरी, पण ती कुठे चालेल हे राज्याच्या सीमेवर ठरणार. आमच्या भिंतीवरच्या पाचही फ्रेमा सनद आणि नोंद याच जातीच्या होत्या. नवी शाळा पहिल्या दिवशी याहून जास्त काही दाखवू शकतच नाही. पूर्ण अधिस्वीकृती मिळेपर्यंत पहिल्या तुकड्या आत येऊन, फी भरून, बऱ्याच पुढे गेलेल्या असतात. शाळा टिकेल की नाही याचा जो प्रयोग चालू असतो, त्याचा खर्च ती मुलं करत असतात.

माझं जग म्हणजे डिसेक्शन हॉल. पहिल्या वर्षी चार देह होते, अमेरिकेतून औषध भरून बोटीनं आलेले. आमच्याकडे सरकारी कॉलेजात एका देहाभोवती दहा-बारा मुलं असत. इथे सुरुवातीला तेवढीच होती, त्यामुळे मी खूश होते. पण बेटावरची हवा दमट, आणि दुपारी वीज जायची. वातानुकूलन बंद पडलं की तिसऱ्या दिवशी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरी बुरशी धरायची. मी आणि आमचा मदतनीस ग्लिसरीन आणि थायमॉलच्या द्रावणात फडकी बुडवून एकेक अवयव गुंडाळून ठेवायचो. शनिवार-रविवारही जाऊन फडकी ओली करून यायचो. पुढच्या वर्षी नवे देह येणार होते, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. वापरून वापरून काखेतल्या नसांचं जाळं पार तुटून गेलं होतं. बाजारातून पिवळी लोकर आणून मी तुटलेली टोकं जोडली आणि मुलांना ब्रॅकिअल प्लेक्सस शिकवला. ही नस खरी, इथपासून इथपर्यंत लोकर, मग पुन्हा खरी.

एकाही मुलानं तक्रार केली नाही. त्यांनी दुसरा डिसेक्शन हॉल पाहिलाच नव्हता, मग तक्रार कशाच्या आधारावर करणार? नव्या शाळेत पुढच्या वर्गातला अनुभवी विद्यार्थी नसतो, बाहेर पडलेला डॉक्टर नसतो. काय कमी आहे हे सांगणारंच कोणी नसतं.

हजेरी घ्यायची मला सवय. मिरजेच्या बाजारातून लाल कापडी पाठीची एक जाड वही बरोबर नेली होती. ऑफिसातल्या संगणकावर हजेरी भरत असूनही मी तिच्यात नोंद ठेवायची. नावं नाहीत, फक्त रोल नंबर. सप्टेंबर २००५ ची तुकडी ४१ जणांची होती. दुसऱ्या सत्राला ३३. तिसऱ्याला २६. चौथ्याला २१. पाचव्या, म्हणजे बेटावरच्या शेवटच्या सत्राला १८. वही आडवी धरली की उजवीकडे कागद पांढरा होत जाताना दिसतो.

गेलेली मुलं निरोप घेऊन जात नसत. एका सोमवारी खुर्ची रिकामी दिसायची. मग सूचनाफलकावर चिठ्ठी लागायची: स्टेथोस्कोप, टेबल फॅन आणि पुस्तकं, अर्ध्या किमतीत. घरमालकीण सांगायची, पहाटेच्या विमानानं गेला. यातली बरीचशी मुलं हुशार होती. कोणी रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेलं, कोणी पाच वर्षं नर्सिंग केलेलं. पण आठवड्याला जेवढं वाचून संपवायचं ते त्यांनी जन्मात कधी वाचलेलं नव्हतं, आणि मागे पडलेल्याला हात देणारी काही सोयच कॉलेजात नव्हती. जुन्या शाळांनी तीस वर्षांत त्यासाठी वेगळे वर्ग, वेगळे शिक्षक उभे केले होते. आमच्याकडे मी होते, आणि संध्याकाळचे दोन तास.

पाचव्या सत्रानंतर एक दार होतं. अमेरिकेच्या परवाना परीक्षेची पहिली पायरी, जिला सगळे 'स्टेप वन' म्हणतात, तिला बसायचं तर आधी कॉलेजची सरावासारखी एक मोठी परीक्षा ठरावीक गुणांनी पास व्हावी लागे. अशी चाळणी बऱ्याच शाळा लावतात. तयारी नसलेल्या मुलानं खऱ्या परीक्षेत नापास होऊन कायमचा डाग लावून घेऊ नये, हा हेतू रास्तच. पण तिचा दुसरा उपयोगही होतो. त्या १८ जणांपैकी ११ जणांना बसायची परवानगी मिळाली, १० पास झाले. पुढच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं गेलं, पहिल्याच प्रयत्नात ९१ टक्के. त्यात खोटं काही नव्हतं. अकरातले दहा म्हणजे ९१ टक्केच होतात. माझ्या वहीत मात्र त्या दहांच्या वर ४१ लिहिलेले होते.

त्याच तुकडीतला १७ नंबर म्हणजे कॅनडातून आलेली एक मुलगी. आधी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती, वय एकतीस. वडिलांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. माझ्या विषयात पहिल्या सत्रात तिला पास व्हायला तीन गुण कमी पडत होते. त्याआधीच्या बैठकीत आम्हा शिक्षकांना सांगितलं गेलं होतं की दोन-चार गुणांसाठी कोणाला अडवू नका, मुलं निराश होतात. मलाही ते पटलं होतं. ती रोज शेवटपर्यंत हॉलमध्ये थांबायची, हात फॉर्मलिननं सोलवटेपर्यंत काम करायची. मी तीन गुण दिले. दुसऱ्या सत्रात मज्जासंस्थेच्या पेपरात पुन्हा पाच कमी पडले, तेही दिले. इतर विषयांच्या शिक्षकांनीही आपापल्या परीनं दिलेच असतील. अशी ढकलत ढकलत ती पाचव्या सत्रापर्यंत पोचली आणि त्या दारापाशी अडकली. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी पुढच्या प्रयत्नासाठी नाव चालू ठेवायचं तर फी भरायची. चौदा महिने ती एका खोलीत बसून तेच पुस्तक वाचत होती.

जायच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या घरी आली. तिचा लहान कुकर मला द्यायला आणला होता. चहा झाला. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला पहिल्याच सत्रात नापास केलं असतं तर मी एका सत्राचं कर्ज घेऊन परत गेले असते. आता सात सत्रांचं आहे." आवाजात राग नव्हता. ती मला काही सुनवायला आली नव्हती, तिनं फक्त हिशेब केला होता. मी दिलेल्या आठ गुणांची किंमत तिच्या वडिलांच्या घराएवढी झाली होती. त्या रात्री मी झोपले नाही.

पुढे मी गुण वाढवून देणं बंद केलं. डीनशी खटके उडाले, एकदा करार नव्यानं होईल की नाही अशी वेळ आली. माझं तेव्हाही सगळं बरोबर होतं असं नाही. दोन गुणांसाठी मी अडवलेला एक मुलगा तेच सत्र पुन्हा करून, पहिल्या पाचात येऊन पुढे गेला. दुसरा तसाच अडवलेला आठवड्याच्या आत निघून गेला. थांबला असता तर काय झालं असतं मला माहीत नाही. पण पहिल्या सत्राच्या शेवटी मी एकेका मुलाला बोलावून स्पष्ट सांगायला लागले: तुझा वेग हा आहे, लागणारा वेग हा आहे, आज परत गेलास तर एवढं नुकसान, दोन वर्षांनी गेलास तर एवढं. काही रडली. तिघांनी पुढे पत्रं लिहिली.

बेटाचे धोके वेगळेच. मी पोचले त्याच्या पुढच्याच महिन्यात, ७ सप्टेंबर २००४ ला, 'आयव्हन' वादळानं ग्रेनाडा उद्ध्वस्त केलं. तिथल्या जुन्या शाळेनं मुलांना अमेरिकेत हलवून शिक्षण चालू ठेवलं. माँटसेराटवरची शाळा तर १९९५ च्या ज्वालामुखीनंतर बेटच सोडून सेंट मार्टिनला गेली. पुढे २०१७ मध्ये 'मारिया' वादळ डॉमिनिकावर धडकलं, तेव्हा तिथल्या शाळेनं आधी एका जहाजावर आणि मग अमेरिकेत टेनेसीमध्ये वर्ग भरवले आणि शेवटी कायमचा मुक्काम बार्बाडोसला हलवला. जहाज भाड्यानं घ्यायला गाठीला पैसा लागतो, मागे मोठी कंपनी लागते. आमच्यावरून एकदा एक साधंसं वादळ गेलं. छप्परसुद्धा उडालं नाही. पण नऊ दिवस वीज नव्हती, जनरेटरच्या डिझेलला पैसे नव्हते, आणि त्यानंतर दोन महिने पगार झाले नाहीत. जानेवारीत तीन शिक्षक परत आले नाहीत. फिजिऑलॉजीला तर तीन सत्रांत चार माणसं झाली. मुलांनी हृदय एकाकडून अर्धं शिकलं, दुसऱ्याकडून पुन्हा पहिल्यापासून, आणि मूत्रपिंड कोणाकडूनच नाही.

रुग्णालयांचं मला लांबूनच माहीत, कारण मुलं तोवर माझ्या हातून गेलेली असत. अमेरिकेतल्या रुग्णालयांत शिकायच्या जागा शाळांना पैसे मोजून घ्याव्या लागतात, आठवड्याच्या हिशेबानं. मी तिथे असतानाच ग्रेनाडाच्या शाळेनं न्यूयॉर्क शहराच्या सरकारी रुग्णालयांशी दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. तेवढी रक्कम टाकणारा शेजारी असल्यावर नव्या शाळेच्या वाट्याला काय उरणार? आमची मुलं शिकागोत सहा आठवडे मानसोपचार, मग तीन महिने वाट बघणं, मग ॲटलांटात बालरोग, अशी फिरत. एक मुलगा मामाच्या तळघरात पाच महिने थांबला होता. शिक्षण बंद, कर्जावरचं व्याज चालू. भारतीय पारपत्रावरच्या मुलांना तर आधी बार्बाडोसला ब्रिजटाउनच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन व्हिसा मिळवावा लागे. एका मुलीला दोनदा नाकारला गेला. दोन वर्षांचं शिक्षण हातात, आणि पुढचं शिक्षण त्या दाराच्या पलीकडे.

आणि सगळं पार पडल्यावर मार्चमधला रेसिडेन्सीचा, म्हणजे रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या जागांचा निकाल. अमेरिकेतल्या शाळांची नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं तिथे लागतात. बाहेर शिकलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी अलीकडच्या चांगल्या वर्षांत दोन तृतीयांश, परक्या नागरिकांपैकी त्याहून कमी. हा आकडाही अर्ज भरण्यापर्यंत पोचलेल्यांचाच आहे.

असं असूनही, कोणीच जाऊ नये असं मी म्हणत नाही. छत्तिसाव्या वर्षी आलेला एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. बारा वर्षं रुग्णवाहिकेवर काम केलेला, घरी दोन मुलं. तो येण्यापूर्वी आमच्या कॉलेजातल्या चार विद्यार्थ्यांशी फोनवर बोलला होता, सोडून गेलेल्या दोघांना शोधून त्यांच्याशीही बोलला होता. एका सत्राचे पैसे वेगळे ठेवले होते. पहिल्या सत्रात वर्गाच्या वरच्या निम्म्यात आलो नाही तर परत, असं बायकोशी ठरवून आला होता. आज तो एका लहान गावात कौटुंबिक डॉक्टर आहे. नवीन वर्षाला त्याचं कार्ड येतं. असा माणूस कुठेही गेला तरी डॉक्टर झालाच असता, असं आमचे सहकारी म्हणायचे. मला ते मान्य नाही. त्या वयात, त्या गुणांवर दुसऱ्या कोणीही त्याला दार उघडलं नसतं. ते आमच्या अर्धवट, लोकर लावलेल्या कॉलेजानं उघडलं.

२०१० मध्ये परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या ईसीएफएमजी या संस्थेनं जाहीर केलं की २०२३ पासून अधिस्वीकृत शाळेतून आलेल्यांनाच प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येईल. पुढे ती मुदत २०२४ पर्यंत गेली आणि अटीचं रूपही बदललं, पण तेव्हा आमच्याकडे धावपळ उडाली. अधिस्वीकृतीच्या अर्जात एक तक्ता होता: प्रत्येक तुकडीत किती आले, किती पुढे गेले, किती सोडून गेले, किती डॉक्टर झाले. ऑफिसात फी कोणी किती भरली याची सात वर्षांची नोंद पैशापर्यंत होती. हा तक्ता भरायला मात्र काहीच नव्हतं. कोणीतरी सांगितलं, ॲनाटॉमीच्या मॅडमकडे एक वही आहे. डीन स्वतः माझ्या खोलीत आले. मी वही दिली, त्यांनी उभ्याउभ्याच पानं उलटली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवशी मला कळलं की कॉलेजलाही हे माहीत नव्हतं. लपवलेलं नव्हतं, कोणी मोजलंच नव्हतं.

अर्ज रेंगाळला. मालक बदलला. २०१३ मध्ये मी परत आले, आणि नंतर कॉलेज नाव बदलून दुसऱ्या बेटावर गेलं. माझे जुने विद्यार्थी आजही परवान्याच्या प्रत्येक अर्जाला एक जास्तीचं पत्र जोडतात: माझ्या पदवीवर आहे ते नाव आता कुठेच का सापडत नाही, याचा खुलासा.

गेल्या वर्षी लातूर जिल्ह्यातले एक जिल्हा परिषदेचे गुरुजी रात्रीच्या गाडीनं मिरजेला आले. बरोबर मुलगी होती. त्यांनी पिशवीतून माहितीपत्रक काढलं. बेट दुसरं, नाव नवं, समुद्राचा फोटो तसाच. "दोन एकर विकायला काढलंय, मॅडम. पण पोरगी एकदम एम. डी. होऊनच येतीय, पुढचा खर्च वाचला."

मी त्यांना सांगितलं की तिकडची एम. डी. म्हणजे आपली एम. बी. बी. एस.; आपल्याकडच्या पदव्युत्तर एम. डी.शी तिचा संबंध नाही. ते खुर्चीत मागे टेकले. मग मी नोव्हेंबर २०२१ चे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम त्यांच्यासमोर ठेवले. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच परदेशी संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप, आणि ज्या देशाची पदवी त्या देशात तिथल्या नागरिकांच्या बरोबरीनं डॉक्टरकी करता येईल असा परवाना. हे झाल्यावर आपली स्क्रीनिंग परीक्षा, ३०० पैकी १५०. तिचा निकाल बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्या आसपास लागत आलाय. मग इथे आणखी एक वर्ष इंटर्नशिप. दोन वर्षं बेटावर आणि दोन वर्षं अमेरिकेत, ही जुनी पद्धत या नियमांत बसत नाही. माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं.

गुरुजी गप्प होते. मुलगीच म्हणाली, "मॅडम, तुमच्या वेळची मुलं पास व्हायची का?"

मी कपाटातून वही काढली आणि सप्टेंबर २००५ चं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं. ती बोट ठेवून मोजायला लागली. पहिला रकाना, दुसरा, तिसरा. गुरुजींनी चष्मा लावला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. अठ्ठावीस वर्षं हजेरीपट भरलेला माणूस, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, एजंटला लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"सर, तुमच्या कॉलेजच्या पहिल्या बॅचला मुलं किती होती?"

"गुरुजी, रिझल्ट एकदम शंभर टक्के आहे. तुम्ही काळजीच करू नका."

"रिझल्ट नाही विचारला मी. पट विचारला. पटावर किती होते, आन् त्यातले आज किती हायेत?"

पलीकडून माहिती घेऊन सांगतो असं उत्तर आलं. गुरुजींनी फोन टेबलावर ठेवला. मुलगी अजून वहीतच बघत होती. १७ नंबरच्या ओळीवर तिचं बोट थांबलं होतं, कारण ती ओळ पाचव्या रकान्याच्याही पुढे, समासात मी हातानं आखलेल्या जास्तीच्या रकान्यांत गेली होती आणि मग थांबली होती.

"हिचं काय झालं?" तिनं विचारलं.

मी चहाचं आधण ठेवलं आणि त्या दोघांना कुकरची गोष्ट सांगायला बसले.